गाडी वर, तंबू खाली

नवऱ्याला लकवा मारून तीन वर्षं झाली. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बोलण्यातला एकच शब्द शिल्लक राहिला, "अगं." पाणी हवं असलं की अगं. कूस बदलायची असली की अगं. पॉट हवा असला तरी अगं. कधी काहीच नको असतं, मी जागी आहे का एवढंच बघायचं असतं, तेव्हाही अगं. लोकांसमोर मी त्यांना 'हे' म्हणते. इथे म्हातारा म्हणते, कारण तो म्हातारा आहे. मीही आहे.

दिवसाचं मला काही वाटत नाही. दिवसा काम असतंच. रात्री डोळा लागतो न लागतो तोच तो शब्द येतो. उठायचं, बघायचं, परत आडवं व्हायचं, की परत तेच. तीन वर्षांत मी सलग झोपले नव्हते. अंग दुखतं त्याला गोळी मिळते. याला काय घ्यायचं ते कोणी सांगत नाही.

आमचं घर सातपूरला, कारखान्यांच्या मागच्या वसाहतीत. खाली एक खोली आणि स्वयंपाकघर, वर एक खोली. खाली आम्ही दोघं, वर मुलगा, सून आणि नात. वरच्या खोलीत कूलर आहे. थंडीतसुद्धा तो पाणी न घालता नुसता चालू असतो. मुलगा मशिनीवर काम करतो, त्याला आवाजाशिवाय झोप येत नाही. त्याच्यापायी त्या दोघींनाही सवय लागली. खाली काय चाललंय ते त्यामुळे वर काही कळत नाही. सकाळी तो खाली येतो आणि डबा घेता घेता विचारतो, "बाबा शांत झोपले ना?" मी म्हणते, "झोपले." कामावर निघालेल्या माणसाला उंबऱ्यात थांबवून काय सांगणार?

एकदा सांगितलं होतं. तेव्हा त्याने रात्रीसाठी एक बाई ठेवली. म्हाताऱ्याने तिला हात लावू दिला नाही. डाव्या हाताने तिच्या हातातलं भांडं उडवलं. चार दिवसांनी ती आलीच नाही. मुलगा म्हणाला, "आई, बाबांना तूच लागतेस, बघ." हे त्याने कौतुकाने सांगितलं. मग मी परत काही बोलले नाही.

असं असताना ते धरणावर राहायला जायचं निघालं.

मुलाच्या कारखान्यातले एक साहेब आहेत, आता निवृत्त झाले. त्यांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आतली बाकं काढली आणि घर केलं. दोन पलंग, शेगडी, भांडी घासायला बेसिन, मागे बसायचा संडास. पडदे लावलेत, पडद्यांवर सूर्यफुलं. अशा गाड्या घेऊन फिरणाऱ्या लोकांचा त्यांचा एक ग्रुप आहे, मोबाइलवर. साहेबांनी ठरवलं की थंडीत काश्यपी धरणाच्या काठावर दोन रात्री काढायच्या. त्यांची एक गाडी, ठाण्याहून एक गाडी, आणि आमच्या वसाहतीतली दोन-तीन घरं तंबू लावून. बायका-पोरांसकट. रविवारी साहेब आणि त्यांची बायको आमच्याकडे चहाला आले, ते हेच ठरवायला.

मुलगा म्हणाला, "बाबांनाही नेऊ. गाडीत पलंग आहे, संडास आहे. तीन वर्षं भिंतीकडे बघत पडलेत."

मला एकदम बरं वाटलं. मी म्हणाले, "न्या की. मी घरी राहते."

दोन रात्री. दार लावून घेईन, खाटेवर पडेन आणि कोणी हाक मारणार नाही. एवढंच माझ्या डोळ्यासमोर आलं. धरण आलंच नाही.

"घरी? एकटी?" मुलगा म्हणाला.

"घराला माणूस नको?"

"घराला कुलूप पुरतं, आई."

"आजी पाण्याला घाबरते," नात म्हणाली. ती चौथीत आहे, पण तोंड दहावीतलं.

"पाण्याला नाही, तुला घाबरते. दोन दिवस तुझ्यावाचून काढीन म्हटलं."

साहेबांची बायको माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "मावशी, हे सगळं तुमच्यासाठीच तर चाललंय. एवढी सेवा करता त्यांची. दोन दिवस मोकळ्या हवेत बसा."

सेवा हा शब्द मला आवडत नाही. सेवा देवळात करतात. हे काम आहे. पण पाहुणीला काय बोलणार?

मुलाने म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, येणार ना धरणावर?" म्हाताऱ्याने मान हलवली. मग डावा हात उचलून माझ्याकडे दाखवला आणि म्हणाला, "अगं."

सगळ्यांचे चेहरे फुलले. "बघा," साहेब म्हणाले, "मावशींशिवाय पाऊल उचलायचे नाहीत."

"पाऊल कुठे उचलतात ते," मी म्हणाले.

कोणी हसलं नाही. माझं घरी राहणं तिथेच संपलं.

मग जागेचं ठरवायला बसले. साहेबांनी मोबाइलवर नकाशा काढला. शाळेत मी जिल्ह्याच्या नकाशापर्यंत शिकले, पण तो भिंतीवर टांगलेला होता आणि बोटाने हलत नव्हता. साहेबांनी मग चहाचा ट्रे मधोमध ओढला. ट्रेची एक कड म्हणजे पाणी, दुसरी कड म्हणजे रस्ता. बिस्किटं म्हणजे गाड्या. रिकामे कप म्हणजे तंबू. जागा त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची होती. टोमॅटो काढून झाले होते, रान मोकळं होतं.

साहेबांनी दोन्ही बिस्किटं पाण्याच्या कडेला ठेवली. "दार उघडलं की पाणी. बाबांना पलंगावरून दिसेल. आम्ही दोघं तंबूत झोपू." कप त्यांनी बिस्किटांना चिकटूनच लावले, अर्धं वर्तुळ करून. "आणि मध्ये शेकोटी."

सून म्हणाली, "आई गाडीतच झोपतील ना? तिथे दुसरा पलंग आहे."

मी त्या ट्रेकडे बघत होते. पातळ पत्र्याची गाडी, त्यात तो, आणि हातभर अंतरावर मी. घरात निदान चार भिंती तरी आहेत. दोन रात्री सगळ्या गावादेखत अगं, आणि सगळ्यांनी म्हणायचं, काय प्रेम आहे.

मी म्हणाले, "मला बंद गाडीत कोंडल्यासारखं होतं. मी तंबूत पोरीजवळ झोपते. गाडीत याला झोपू दे." मी मुलाकडे बोट केलं. मग हात पुढे करून बिस्किट उचललं आणि रस्त्याच्या कडेला ठेवलं. "आणि गाडी वर ठेवा. खाली चिखल असतो. वरून वाळलेला दिसतो, आत चाक घातलं की बसलं. तंबू खाली लावा. तंबूला चाकं नसतात."

मी ती जागा कधी पाहिलेली नव्हती. आमचं गाव पेठकडे, डोंगरात. तिथे भाताची खाचरं आणि नागलीचे उतार. धरण मी एसटीच्या खिडकीतून बघितलं असेल तेवढंच. मला फक्त ट्रेची एक कड आणि दुसरी कड यांच्यातलं अंतर हवं होतं. जेवढा ट्रे लांब, तेवढी माझी झोप.

साहेब विचारात पडले. मग म्हणाले, "मावशींचं खरं आहे. या पेठकडच्या. यांना जमीन बघितल्याबरोबर कळते."

मी जमीन कुठे बघितली होती? मी बिस्किट बघितलं होतं. पण गावाकडची म्हातारी बोलली की शहरातले लोक मान डोलावतात, तसं झालं. साहेबांची बायको म्हणाली, पोरं पाण्याजवळ नकोत. त्यावर मी म्हणाले, मी आहे ना खाली, पोरं माझ्याजवळ. त्यालाही सगळे हो म्हणाले.

सून तेवढी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. ती एका कंपनीत पॅकिंगला जाते, दिवसभर उभी असते, बोलायला कमी. ती म्हणाली, "आईंना तंबूतच बरं."

तेवढ्यात नातीने खालची गाडी खाल्ली. साहेब म्हणाले, "ठाणेकर गेले." अशी ती बैठक संपली.

पुढचे आठ-दहा दिवस नुसती तयारी. मोबाइलवर रोज काहीतरी नवीन. पाण्याचे कॅन किती, भाकरीचं पीठ कोण आणणार, चिकन आधी मसाला लावून न्यायचं की तिथे लावायचं, बॅटऱ्या, चटया, शेकोटीची लाकडं. माझ्याकडे म्हाताऱ्याचं सामान. रबरी चादर, जास्तीची धोतरं, डायपर, पॉट, गोळ्या, मऊ भाताचे तांदूळ. आराम करायला चालले होते, त्याची बांधाबांध करून मी आधीच दमले. तरण्या वयात द्राक्षाच्या कामाला निफाडकडे जायचो, तेव्हा पाल ठोकूनच राहायचो. तेव्हा एक बोचकं असायचं आणि मोबाइलवर चर्चा नसायची.

निघायच्या दिवशी गाडी आमच्या गल्लीत शिरेना. म्हाताऱ्याला खुर्चीवर बसवून चौघांनी कोपऱ्यापर्यंत नेलं. शेजारणी दारात येऊन बघत होत्या. एक म्हणाली, "जोड्याने चालले, छान." म्हाताऱ्याने टोपी घातली होती आणि एखादा पुढारी बसावा तसा बसला होता.

गिरणारे गावाच्या पुढे रस्ता खडबडीत होता, पण तो झोपला. दिवसा त्याला झोप फार चांगली लागते. मी समोरच्या पलंगावर दांडी धरून बसले होते.

दुपारी पोचलो. ठरल्याप्रमाणे साहेबांनी गाडी वरच, रस्त्यालगत लावली. चाकांखाली फळ्या घातल्या, काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत पुढे-मागे केली. त्यात बराच वेळ गेला. मग म्हाताऱ्याला आत निजवलं, खिडकी उघडली, सूर्यफुलांचा पडदा बांधला. मी उतरून खाली पाण्याकडे बघितलं. लांब होतं. चांगलं लांब होतं. माणूस ओरडला तरी नुसतं तोंड हललेलं दिसावं एवढं.

तेवढ्यात ठाण्याची गाडी आली. त्यांना कोणी चिखलाचं सांगितलेलं नव्हतं. ती सरळ उतारावरून खाली गेली आणि पाण्यापासून हातभरावर जाऊन उभी राहिली. चाकाला माती लागली नाही.

सगळे ते बघत होते. मी टोपली उचलून दुसरीकडे बघायला लागले.

मुलगा आणि वसाहतीतली माणसं खाली तंबू ठोकायला गेली. खुंटीवर हातोडी मारली की ठण असा आवाज यायचा. एक खुंटी वाकली, दुसरी उडाली. जमिनीचा शेतकरी बांधावरून आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काय करता?" तो म्हणाला. "खाली समदा खडक हाय. खुटी जायची नाय तिथं. गाड्या खाली घ्या, तंबू वरच्या रानात ठोका. तिथं माती हाय."

साहेब म्हणाले, "पण खाली चिखल असतो ना?"

"चिखल? आमचा ट्रॅक्टर पाण्यापोतर जातो. कोण म्हणलं चिखल?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "यंदा नसेल."

गाडी खाली न्यावी असं एकाने सुचवलं. म्हणजे गाडी खाली आणि तंबू वर, अंतर तेवढंच राहिलं असतं. मी लगेच म्हणाले, न्या. पण साहेब फळ्यांकडे बघत म्हणाले, "आता परत लेव्हल कोण करणार? बाबा झोपलेत. राहू द्या." आणि तंबू वर आले. वरच्या रानात मऊ मातीची पट्टी होती ती नेमकी गाडीच्या अंगाला. माझा आणि नातीचा तंबू म्हाताऱ्याच्या खिडकीखाली लागला. आत बसलं की वर सूर्यफुलं दिसायची.

मी खिडकीकडे बघितलं आणि मला हसू आलं. हसायचं काही कारण नव्हतं.

मुलगा सामान आणून टाकत होता. मी त्याला बाजूला बोलावलं आणि सांगितलं, "ऐक. आज रात्री मी उठणार नाही. काही झालं तरी. तू बघायचं."

"हो गं आई," तो म्हणाला, "तू आराम कर. मी आहे ना." आणि कोळशाची पिशवी घेऊन पळाला. त्याने ऐकलं, पण त्याला कळलं नाही. चटई कुठे ठेवू विचारल्यावर सांगतो तसंच त्याने मला सांगितलं.

संध्याकाळी म्हाताऱ्याला मऊ भात भरवला, तोंड पुसलं, गोळ्या दिल्या. पाण्यावर उजेड पिवळा झाला होता. पोरं दगड मारत होती. शेकोटी पेटली, कोणीतरी चिकन लावलं, साहेबांनी गाणी लावली. मी तंबूत शिरले आणि घोंगडी ओढून आडवी झाले.

तिन्हीसांजेला झोपायचं नाही असं लहानपणापासून ऐकलेलं. दिवेलागणीला घरात कोणी आडवं दिसलं की आई म्हणायची, कोण आजारी आहे? तापाने फणफणले तरी त्या वेळेला मी भिंतीला टेकून बसलेली आहे. सासरी तर प्रश्नच नव्हता. त्या दिवशी मी पडले. मनात म्हटलं, लक्ष्मी यायची असेल तर येईल आणि मला ओलांडून जाईल.

डोळा लागत होता आणि वरून आलं, "अगं."

मी हलले नाही.

"अगं."

बाहेर गाणं कोणीतरी बारीक केलं. साहेबांची बायको म्हणाली, "मावशी, काका बोलावतायत." मी डोळे मिटून पडले होते. तिने तंबूत वाकून बघितलं. "झोपल्यात वाटतं. एवढ्या लवकर? बरं नाही का त्यांना?"

"अगं!"

"आईला उठव," मुलगा नातीला म्हणाला. आईला म्हणजे मला. पोरीची पावलं तंबूकडे आली.

तेव्हा सुनेचा आवाज आला. "नको उठवूस. झोपू दे त्यांना." आणि मग मुलाला, "तुम्ही जा."

"मी? अगं, माझे हात मसाल्याचे."

"धुवा आणि जा."

हातावर पाणी ओतल्याचा आवाज आला. मग गाडीचं दार वाजलं. मुलाचा आवाज माझ्या डोक्यावर आला. "काय बाबा? पाणी? हे घ्या. पाणी नको? मग पॉट? पॉटही नको? गरम होतंय का? पडदा सोडू?" आणि प्रत्येकाला म्हातारा म्हणत होता, अगं, अगं, आणि रागावत होता. मला कळत होतं. त्या आवाजाचा अगं म्हणजे कूस. उजव्या खांद्याखाली उशी घालून डावीकडे वळवायचं, की गप्प होतो. तंबूच्या कापडातून एवढं सांगितलं असतं तरी काम झालं असतं.

मी सांगितलं नाही. मलाही कोणी सांगितलं नव्हतं. मी शोधून काढलं होतं, त्यालाही काढू दे.

बराच वेळ चाललं होतं. शेवटी पलंग कुरकुरला, मुलगा म्हणाला, "असं? हे हवं होतं?" आणि शांत झालं. बाहेर गाणं परत सुरू झालं की नाही ते मला माहीत नाही.

जाग आली तेव्हा तंबू आतून पांढरा झाला होता आणि पाणकोंबड्या ओरडत होत्या. नात माझ्या पायावर पाय टाकून पडली होती. ती कधी आली ते कळलं नव्हतं. मी पडल्या पडल्या अंगाचा अंदाज घेतला. मान दुखत होती, कंबर दुखत होती, पण डोक्यातलं ओझं उतरलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी माझी मी उठले.

बाहेर मुलगा गाडीच्या पायरीवर बसला होता. अंगावर कालचाच शर्ट, डोळे लाल. हातात रिकामा कप धरला होता. आतून म्हाताऱ्याचं घोरणं ऐकू येत होतं.

मी चूल पेटवून चहा ठेवला. चहा दिला तेव्हा तो म्हणाला, "आई, घरी रोज असंच असतं?"

"नाही," मी म्हणाले. "काल हे प्रवासाने दमले होते. काल बरं होतं."

त्याने कपात बघितलं. सून मागे उभी राहून केस बांधत होती, तिने ऐकलं आणि चटया झटकायला गेली. मला वाईट वाटलं का, असं कोणी विचारेल. नाही वाटलं. मी चहात भाकरी बुडवून खाल्ली आणि पाण्याकडे फिरून आले. पाणी चांगलं होतं. दुसऱ्या रात्रीही मी उठले नाही. तोच उठला, आणि त्या वेळी उशी आधी घातली.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस काही झालं नाही. मी खाली, ते वर. मग एका रात्री मुलगा गादी खांद्यावर घेऊन जिना उतरला आणि म्हाताऱ्याच्या पलंगाजवळ टाकली. मला म्हणाला, "तू वर जा." रात्रपाळी नसेल त्या आठवड्यात तो खाली झोपतो. रात्रपाळी असली की मी. पहिले काही दिवस म्हातारा माझ्या नावाने, म्हणजे त्याच शब्दाने, घर डोक्यावर घ्यायचा. आता मुलालाच अगं म्हणतो. मुलगा ओ देतो.

वर कूलरचा आवाज फार आहे. नातीला त्याच्याशिवाय झोप येत नाही, मला त्याच्यामुळे येते.

परवा साहेब परत आले होते. या वेळी जास्त गाड्या आहेत, ठाण्याच्या, पुण्याच्या, आणि जागा वैतरणेकडची आहे. ट्रे ओढला, बिस्किटं काढली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मावशी, तुम्ही सांगा. गाडी वर की खाली?"

मी म्हणाले, "कुठेही लावा."